कार्डाला विचारणाऱ्या मॅडम

"हे कोण म्हणतंय?"

मॅडमना कुठलीही गोष्ट सांगा, आधी हा प्रश्न यायचा. चष्मा कपाळावर सरकवलेला, मान जराशी कललेली, आणि आवाजात भांडण अजिबात नाही. नांदेडच्या स्टँडवर मी एकदा म्हणालो, "मॅडम, मुखेडची गाडी लागली."

"कोण म्हणतंय?"

"बोर्ड म्हणतोय की."

"बोर्ड गाडी चालवतोय का, रफीकभाई?" असं म्हणून त्या कंडक्टरकडे गेल्या. गाडी देगलूरची निघाली. पाटी बदलायची राहिली होती. मी बॅगा घेऊन खाली उतरलो तेव्हा मॅडम हसल्याही नाहीत. त्यांना जिंकायचं नसायचंच. त्यांना फक्त मुखेडला जायचं होतं.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. सुरुवातीला त्याचा डोक्याला ताप होतो. मग हळूहळू आपणच काही बोलायच्या आधी दोनदा विचार करायला लागतो.

नांदेडच्या जुन्या भागात, माझ्या अब्बांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं त्याच गल्लीच्या तोंडाशी, आमच्या सेठनी इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा एक लहानसा कारखाना काढला होता. सोल्डरिंग, वायरिंग, माल पोचवणं आणि जीप चालवणं ही माझी कामं. मशीनच्या आतला प्रोग्राम मॅडमचा. त्या मूळच्या लातूर जिल्ह्यातल्या, भूकंपात आडव्या झालेल्या एका गावच्या. मामाकडे राहून लातूरला शिकल्या, नांदेडला इंजिनिअर झाल्या आणि आमच्याकडे आल्या. भूकंपाबद्दल त्या बोलत नसत आणि आम्हीही विचारत नसू. आमच्या भागात हे एकमेकांना न सांगताच कळतं.

तेव्हा लातूरमध्ये क्लासेसचा जोर होता. गल्लीगल्लीत होस्टेलं, मेसचे डबे, सायकली, आणि चौकाचौकांत पहिल्या आलेल्या मुलांचे दोन मजली फोटो. खेड्यातले आईबाप पोटाला चिमटा घेऊन पोरं पाठवायचे आणि मागं गावात बसून काळजी करायचे. पोरगं क्लासला गेलं की कुठं भटकतंय? आमचं मशीन त्यासाठी होतं. मुलानं दारात अंगठा ठेवला की बापाच्या फोनवर संदेश जायचा. लातूरमधल्या बऱ्याच क्लासेसच्या दारावर आमचे राखाडी डबे बसले होते. कारखाना त्यावरच चालायचा.

आता थोडं त्या डब्याच्या पोटात डोकावावं लागेल. त्यात एक बोर्ड असतो आणि नखाएवढं मेमरी कार्ड. वीज आली की सगळ्यात आधी एक छोटा प्रोग्राम जागा होतो आणि मग तो बाकीच्यांना उठवतो. त्याला बूटलोडर म्हणतात. मॅडम त्याला कोंबडा म्हणायच्या. त्या कोंबड्यात कार्डाशी बोलणारा एक भाग असतो, त्याचं नाव ड्रायव्हर. म्हणजे कारखान्यात दोन ड्रायव्हर होते, एक मॅडमचा आणि एक मी. "तुमच्यापेक्षा माझा कमी चहा पितो," असं त्या म्हणायच्या. मॅडमनी केलेला मला आठवणारा हा एकमेव विनोद.

मशीन सुरू होताना लॅपटॉप जोडला की पडद्यावर काही ओळी उमटत. कार्ड कोणतं, केवढं, किती वेगाचं. शेवटच्या ओळी मॅडमनी स्वतः लिहिल्या होत्या. कार्डाचा वेग: पूर्ण. तारा: चार. त्या उमटल्या की मी झाकण लावायचो.

त्या हिवाळ्यात मुखेडकडच्या डोंगराळ भागातून, जळकोटच्या हद्दीजवळच्या वाड्यांतून, खबर यायला लागली. जमिनीतून आवाज येतात. भांडी वाजतात. माणसं घरं सोडून शेतात झोपायला लागली होती. बाहेरच्या माणसाला हे वेडेपणाचं वाटेल. पण ज्या भागात एका पहाटे गावंच्या गावं झोपेत गाडली गेली, तिथं जमीन नुसती गुरगुरली तरी माणूस पोरांना उचलून बाहेर धावतो.

एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या सरांनी या कामात हात घातला. हादरे आणि आवाज दोन्ही टिपणारी यंत्रं त्यांना तातडीनं हवी होती. बाहेरून यायला महिने लागले असते. आमच्याकडे बोर्ड तयार होता. सेठ हो म्हणाले, मॅडमनी जुन्याच कोंबड्यावर नवा प्रोग्राम चढवला, आणि मी जमिनीत पुरायचे कान, म्हणजे संवेदक, जोडले. एरवी यंत्रानं थोडंथोडं लिहायचं, आणि जमीन हलली की सगळे कान उघडून भराभर लिहायचं, अशी रचना होती. टेबलावर ते सुंदर चाललं.

डोंगरातल्या एका वाडीच्या शाळेत आम्ही पहिलं यंत्र बसवलं. वर्ग भरायचे बाहेर, झाडाखाली. आतमध्ये फक्त आमचा डबा. सरपंच होत्या अनसाबाई. उंच, काटक, बोलणं तोडून टाकल्यासारखं. डब्यावर हात ठेवून त्यांनी विचारलं, "हे सांगल का, घरात जावं का नको?"

"हे फक्त ऐकंल," मॅडम म्हणाल्या. "सांगायचं काम सरांचं."

"मंग नीट ऐकू द्या त्याला."

त्या वाक्याची थट्टा करावी असं आमच्यापैकी कुणालाही वाटलं नाही.

काही दिवसांनी आम्ही यंत्र तपासायला पुन्हा गेलो होतो. दुपारची वेळ. मी जीपच्या सावलीत भाकरी सोडून बसलो होतो. आधी पायांना कळलं, मग कानांना. जमिनीखाली कुणीतरी भरलेलं पिंप लोटून द्यावं तसा आवाज आला आणि शाळेचे पत्रे खडखडले. भाकरी मांडीवरून खाली पडली. झाडाखालची पोरं एकमेकांना धरून ओरडत होती, बैलानं दावं तोडलं होतं, आणि बायका आपापल्या पोरांची नावं घेऊन हाका मारत होत्या. सगळं पुन्हा गप्प झालं तेव्हा मला माझेच दात वाजताना ऐकू आले.

मग सगळी वाडी शाळेकडे वळली. कुणी बोलावलं नव्हतं. माणसं आली आणि दाराशी उभी राहिली.

"काय म्हणतंय तुमचं डबडं?" अनसाबाईंनी विचारलं.

मॅडम आत गेल्या, मी मागोमाग. पडद्यावर सकाळपासूनची बारीक थरथर दिसत होती. बैलगाडी गेलेली, पोरं पळालेली, सगळं. पण आवाज झाला तिथं काहीच नव्हतं. रेघ तुटली होती. मधे मोकळी जागा, आणि पुढं पुन्हा तीच बारीक रेघ.

तेवढ्यात सरांचा फोन आला. यंत्राची नोंद त्यांच्याकडेही पोचत होती, पण त्यांच्या पडद्यावर ती तुटलेली रेघ जोडून सरळ दिसत होती. फोन मोठ्यानं लावलेला होता, म्हणून मलाही ऐकू आलं. "मॅडम, रेघ सरळ आहे. म्हणजे नुसता आवाज आहे, हादरा नाही. तहसीलमधून मला सारखी विचारणा होतेय. थंडी वाढलीय, म्हातारी माणसं उघड्यावर आहेत. घरी जायला हरकत नाही असं सांगा त्यांना."

"सर, पत्रे हलले. पायाला कळलं."

"भीतीत पायाखालची जमीन सगळ्यांचीच हलते."

सर वाईट नव्हते. त्यांना खरोखरच त्या म्हाताऱ्यांची काळजी होती. पण मॅडम म्हणाल्या, "ती सरळ रेघ न्हाई, सर. ती मोकळी जागा हाय. मला थोडा वेळ द्या," आणि त्यांनी फोन ठेवला.

यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं. ओळी उमटल्या. कार्डाचा वेग: पूर्ण. तारा: चार.

"कार्ड तर ठीक आहे," मी म्हणालो.

मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला. "कोण म्हणतंय?"

सवयीनं आलेला प्रश्न होता तो. मला हसू आलं. पण मॅडम त्या ओळीवरच अडकल्या. कारण याचं उत्तर त्यांना माहीत होतं. ती ओळ त्यांचीच होती.

त्यांनी एक मोठी फाइल कार्डावर लिहायला लावली आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसल्या. चुटकीसरशी व्हायचं काम. मी जीपमधून पाण्याची बाटली आणली, प्यालो, त्यांना दिली, तरी ते चालूच होतं. मग त्यांनी मला समजावलं. मला वाटतं, स्वतःलाच समजावत होत्या.

सुरुवातीला कार्ड आणि बोर्ड यांची बोलणी होतात. कार्ड म्हणतं, मला पूर्ण वेग जमतो, चार तारांवरून देतो. बोर्ड करून बघतो. एखादी तार नीट टेकत नसेल तर दोघं गुपचूप तडजोड करतात आणि एकाच तारेवरून हळूहळू काम चालू ठेवतात. मॅडमच्या ओळी छापल्या जायच्या त्या कार्डानं पहिल्यांदा जे सांगितलं त्यावरून. शेवटी काय ठरलं, हे त्यांच्या प्रोग्रामनं विचारलंच नव्हतं. अंगठ्याच्या मशीनमध्ये हे कधी कळलं नसतं. अंगठा थोडा उशिरा लिहिला गेला तर कोणाचं काय बिघडतं? इथं मात्र यंत्रानं सगळे कान उघडले आणि लिहायला रस्ता एकच होता. तुंबलं ते सगळं सांडून गेलं.

"म्हंजे ते बहिरं होतं," मी म्हणालो.

"आन मी लिहून ठिवलं होतं की त्याला ऐकू येतं."

सेठचा फोन आला. सरांनी त्यांना कळवलं होतं. मॅडमनी जे सापडलं ते सांगितलं. सेठ म्हणाले, "कार्ड बदला आणि मोकळं व्हा. कार्ड खराब निघालं म्हणा. कोण बघायला येणार आहे?"

"कार्ड चांगलं हाय, सेठ."

"मॅडम, हाच प्रोग्राम लातूरच्या क्लासेसमध्ये बसलाय. तुम्ही आज तिथं चूक म्हणाल, तर उद्या लातूरला मला काय उत्तर द्यायचं? कारखान्यात किती घरं आहेत, माहिताय ना?"

त्या घरांत माझंही होतं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. बाहेरून अनसाबाईंचा आवाज आला, "बाई, काय ते सांगा लवकर. सांज व्हायली."

मॅडम बाहेर जाऊन शाळेच्या ओट्यावर उभ्या राहिल्या. ओढणीचं टोक त्यांनी मुठीत धरलं होतं.

"ऐका," त्या म्हणाल्या. "आज मशीनला काही ऐकू आलं न्हाई. काही झालं न्हाई म्हणून न्हाई. मशीनमधी चूक होती म्हणून. ती चूक माझी. आज जमीन किती हलली, हे मला सांगता येत न्हाई."

क्षणभर कुणालाच समजलं नाही. मग अनसाबाईंचे दीर, नामदेव, गर्दीतून पुढं आले. "म्हंजे इतके दिस आमाला येडं बनवलं? लेकरं थंडीत, म्हातारी थंडीत, आन हितं बहिरं डबडं?" त्यांच्या हातात गुरं हाकायची काठी होती. ते ओटा चढले आणि थेट दाराकडे निघाले. मी दारात आडवा झालो. मी काही शूर माणूस नाही. आत संवेदकाच्या तारा होत्या आणि त्या मी जोडल्या होत्या, एवढंच मला त्या वेळी सुचलं. नामदेवनी काठी उचलली. मागून कुणीतरी ओरडलं, "फोड ते!" चारपाच जण आणखी ओट्यावर चढले. मॅडम जागच्या हलल्या नाहीत.

"भाऊजी, थांबा." अनसाबाई मोठ्यानं बोलल्या नाहीत, तरी काठी थांबली. "खोटंच सांगायचं असतं तर बाईनं आतल्या आत मिटवलं असतं. आपल्याला काय कळणार व्हतं?" मग त्या मॅडमकडे वळल्या. "मला येवढंच सांगा. आत जावं का नको?"

"मला म्हाईत न्हाई. पण मशीनला ऐकू येईस्तोवर मी जा म्हणणार न्हाई."

"कवा येईल ऐकू?"

"आत्ताच करायला घेते. झाल्याबिगर मी जात न्हाई."

नामदेव काठी टेकवून तिथंच ओट्यावर बसले, राखण करायला बसावं तसे. आमची राखण की यंत्राची, ते समजत नव्हतं.

जीपच्या बॅटरीवर लॅपटॉप चालवून मॅडमनी ओसरीत काम सुरू केलं. दिवस डोंगराला टेकला होता. बायका शेतात चुली पेटवत होत्या. मॅडम कुणाशी बोलत नव्हत्या. मधेच ओठ हलायचे. तडजोड झाल्यावर जे ठरलं ते विचारायचं, तारा किती आणि वेग कोणता, आणि तेच छापायचं, असा तो बदल होता. बघायला गेलं तर थोड्याशा ओळी. सूर्य बुडायच्या सुमारास त्यांनी यंत्र सुरू केलं आणि पडद्यावर उमटलं: तारा: एक. वेग: कमी.

मॅडमचा चेहरा उजळला. वाईट बातमी वाचून इतकं खूश झालेलं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं.

पुढचं काम माझं होतं. कार्ड जिथं बसतं त्या खाचेतली एक बारीक पट्टी वाकली होती. डोंगरातल्या रस्त्यावर जीपनं दिलेल्या धक्क्यांनी असेल. ती उचलायला माझ्याकडे काही बारीक नव्हतं. अनसाबाईंनी गोधडी शिवायची सुई आणून दिली. मी श्वास रोखून पट्टी वर केली, कार्ड बसवलं, यंत्र सुरू केलं. तारा: चार. वेग: पूर्ण. मॅडमनी पुन्हा ती मोठी फाइल लिहून बघितली, तेव्हा कुठं त्या मागं टेकल्या. नामदेव दारातून डोकावून म्हणाले, "झालं का?" आणि उत्तराची वाट न बघता काठी उचलून निघून गेले. थोड्या वेळानं त्यांच्याच घरून आमच्यासाठी भाकरी आणि ठेचा आला.

आम्ही तिथंच राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी अनसाबाईंच्या सासऱ्यांना धाप लागली. म्हातारा कितीतरी दिवस शेतात झोपत होता, थंडी छातीत बसली होती. आम्ही त्यांना जीपमध्ये घालून मुखेडच्या दवाखान्यात नेलं. मॅडम मागं बसल्या होत्या, म्हाताऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन. मी आरशात बघत होतो. म्हाताऱ्याच्या प्रत्येक श्वासाला त्या स्वतःचा श्वास धरून ठेवत होत्या.

डॉक्टरांनी त्यांना आत घेतलं, सोबत आलेल्या अनसाबाई त्यांच्यापाशी थांबल्या आणि आम्ही व्हरांड्यात बसलो. मॅडम म्हणाल्या, "काल मी जा म्हणाले असते तर म्हातारा रात्री घरात उबेला असता."

मी म्हणालो, "मॅडम, असं नका म्हणू."

मग त्या बोलल्या. इतक्या वर्षांत पहिलं आणि शेवटचं. "भूकंप झाला तवा मी चौथीला होते. आमचं अर्धं घर उभं होतं. आम्ही सगळे बाहेर, खळ्यात. काकूचं लेकरू रडत होतं. दुपारच्याला कोणतरी म्हणालं, आता काही होत न्हाई, जे आणायचं ते आणा. काकू दुधाची पावडर आणाया आत गेली. आन पुन्हा हादरा आला." त्यांनी मान वर केली. समोरच्या भिंतीवर पोलिओ डोसाची पाटी होती, ती वाचत असल्यासारखं वाटलं. "नंतर माझ्या बापानं सगळ्यांना विचारलं, कोण म्हणालं होतं? जो तो म्हणायचा, मी ऐकलं. कोणच म्हणलं नव्हतं, रफीकभाई. सगळ्यांनी नुसतं ऐकलं होतं."

मी चहा आणायला उठलो, कारण त्यांना एकटं रडायचं असेल असं मला वाटलं. परत आलो तेव्हा त्या रडत नव्हत्या. आतल्या नर्सला विचारत होत्या, म्हाताऱ्याचा ऑक्सिजन किती आहे, आणि नर्सनं सांगितल्यावर, तो आकडा आत्ताचा आहे की सकाळचा.

म्हातारा वाचला. त्याची छाती मात्र कायमची घरघरायला लागली. जीपमधून परत येताना तो म्हणाला, "यंत्राला कान आले आन माझा दम गेला. हिशेब बरोबर झाला." मॅडम हसल्या नाहीत. अनसाबाईंनी सासऱ्याला दटावलं, "मामा, गप बसा. बाईनं जा म्हणलं असतं तर मी आत गेले असते, आन रोज आढ्याकडं बघत पडले असते. त्याच्यापेक्षा थंडी परवडली."

त्यानंतर पुन्हा आवाज झाला, आणि या वेळी यंत्रानं सगळं लिहिलं. सर स्वतः वाडीत आले. रेघ डोंगरासारखी वर गेली होती. त्यांनी गावाला जमवून सांगितलं की हादरे खरे आहेत, लहान आहेत आणि फार खोलवरून येत नाहीत. दगडमातीच्या जड माळवदाखाली झोपू नका, पत्र्याच्या खोल्यांत झोपायला हरकत नाही. जा असंही नव्हतं आणि नको असंही नव्हतं, पण त्याच्यामागं आता काहीतरी होतं. निघताना सर मॅडमना म्हणाले, "ती मोकळी जागाच होती. मी सरळ वाचली." मॅडमनी मान हलवली. लोक पत्र्याखाली गेले. एकही भिंत पडली नाही. पुढं उन्हाळ्यापर्यंत आवाज कमी होत होत थांबले.

मॅडमचं मात्र तिथं संपलं नाही. त्यांनी सेठना सांगितलं की लातूरच्या सगळ्या डब्यांतला प्रोग्राम बदलायचा. सेठ म्हणाले, "त्यांना काय फरक पडतो?" आणि ते खरंही होतं. मॅडम म्हणाल्या, "पडद्यावर खोटी ओळ हाय. ती माझ्या हातची हाय." मग एकेक क्लास करत आम्ही लातूर पालथं घातलं. बहुतेक ठिकाणी लोक हसले. "अंगठा उमटतो ना? मग झालं." एका मोठ्या क्लासनं मात्र चूक हा शब्द ऐकला आणि आमचे सगळे डबे काढून दुसरीकडचे बसवले. सेठनी मॅडमना एका शब्दानं बोल लावला नाही. फक्त त्यांच्याशी बोलणंच कमी केलं. मॅडम टेबलाशी बसायच्या आणि सेठ दुसऱ्याकरवी निरोप द्यायचे. काही दिवसांनी मॅडमनी हैदराबादला नोकरी बघितली. सेठ त्या दिवशी सगळ्यांसाठी पेढे घेऊन आले, आणि पेढा देताना त्यांना मॅडमच्या डोळ्यांत बघता आलं नाही.

जायच्या दिवशीसुद्धा एक डबा राहिला होता, लातूरच्या क्लासेसच्या भागातला. आम्ही त्यातला प्रोग्राम बदलला. नवी ओळ उमटली, मॅडमनी वाचली, मी झाकण लावलं. जूनचे दिवस होते, नव्या प्रवेशांची गर्दी. एक बॅच सुटत होती, दुसरी आत शिरत होती. रस्ता पाठीवरच्या पिशव्यांनी भरला होता.

मी जीपमध्ये हत्यारं ठेवत होतो. एक माणूस मॅडमसमोर येऊन थांबला. धोतर, डोक्याला टॉवेल, खांद्यावर गादीची वळकटी, हातात पत्र्याची पेटी. मागं दोन वेण्यांची मुलगी, रडून रडून डोळे सुजलेले.

"बाई, पोरीचं होस्टेल हिकडंच हाय का? समदे येगळंच सांगायलेत."

मॅडमनी त्याच्या हातातली चिठ्ठी वाचली. गल्लीकडे बघितलं.

"मला म्हाईत न्हाई, मामा," त्या म्हणाल्या. "चला, जाऊन बघू."

त्यांनी पेटीची एक कडी धरली, दुसरी त्या माणसानं. मुलीला त्यांनी पुढं घातलं. मला हातानं खूण केली, तुम्ही निघा, मी इथूनच स्टँडवर जाईन. मी हाक मारणार होतो, पण एवढ्यात एक बॅच सुटली आणि आमच्यामध्ये पोरंच पोरं आली. थोडा वेळ गर्दीच्या वर ती गादीची वळकटी तेवढी दिसत होती. प्रत्येक फाटकाशी थांबत, पुढं सरकत. मग गल्ली वळली.